सदातुरांची यादी अपूर्ण आहे

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील फलमात्रासिद्धि हा अकरावा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत बस्तीच्या फलद्रव्यांसाठी वाचला, परीक्षेपुरता लक्षात ठेवला आणि बहुतेकांनी पुढे बाजूला ठेवला. या अध्यायाच्या अखेरीस अग्निवेश गुरूंना एक साधा प्रश्न विचारतो : सदैव आजारी असणारी माणसे कोणती आणि त्यांच्यासाठी हितकर काय? उत्तरात चार वर्ग सांगितले आहेत. श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी. या चौघांत प्रकृतीचे, देशाचे किंवा कुळाचे साम्य नाही. साम्य आहे ते उपजीविकेच्या स्वरूपात. श्रोत्रियाला अध्ययन, व्रते आणि नित्यकर्मे यांतून शरीराकडे पाहण्यास सवड नाही. राजसेवकाला धन्याचे मन राखण्याची चिंता आणि भय. वेश्येला दुसऱ्याच्या इच्छेनुसार वागावे लागते. पण्यजीवीला एका जागी बसून राहण्याचा आणि लाभाच्या लोभाचा दोष लागतो. चौघेही आलेले वेग अडवतात, वेळेवर जेवत नाहीत, अकाली विहार करतात. एवढे सांगून आचार्य पुढे म्हणतात की असे वागणारे जे कोणी अन्य असतील, तेही सदातुरच समजावेत.

या शेवटच्या विधानाकडे मला वैद्यबंधू-भगिनींचे लक्ष वेधावयाचे आहे. आचार्यांनी यादी बंद केलेली नाही. पुढील काळातील वैद्यांनी ती पुरी करावी म्हणून त्यांनी दार उघडे ठेवले. आपण मात्र त्या दारातून आत कोणालाही घेतले नाही. आपल्या काळातील सर्वांत मोठा सदातुर वर्ग दररोज आपल्या चिकित्सालयाच्या बाकावर बसलेला असतो आणि आपण त्याला ओळखत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

कर्णनादाचा एक रुग्ण

इचलकरंजीत गेली सुमारे वीस वर्षे चिकित्सा करणाऱ्या वैद्याने हे लिहावे, यास एक कारण आहे आणि ते मला भूषणावह नाही. काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ कर्णनादाची तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ लागले. जोडीला मलावष्टंभ, अल्पनिद्रा आणि पोटऱ्यांत येणारे गोळे होते. वातप्रकोपाचे चित्र इतके स्पष्ट होते की निदानासाठी मला फारसा विचार करावा लागला नाही. बिल्वतेलाचे कर्णपूरण, नस्य, गंधर्वहरीतकी, अश्वगंधा असा क्रम सुरू केला. झोप आणि कोष्ठ यांत मधूनमधून सुधारणा होई. कानातील आवाज मात्र जाईना. लवकर झोपा, वेळेवर जेवा, हा उपदेश मी प्रत्येक भेटीत करीत असे. एकदा ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, रातपाळीला वेळेवर म्हंजे कवा जेवायचं, तेवढं सांगा." मी हसून विषय टाळला, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते.

असे दोन वर्षे चालले. मग एके दिवशी त्यांच्या पत्नी सोबत आल्या. त्या म्हणाल्या, "यांना बोललेलं ऐकूच येत नाही. टीव्ही एवढा मोठा लावत्यात की शेजारचे भांडायला येत्यात." तेव्हा कुठे मी त्यांना श्रवणमापनासाठी पाठविले. दोन्ही कानांच्या आलेखांत ४००० हर्ट्झच्या ठिकाणी खोल खळगा होता. दीर्घकाळ मोठा आवाज सोसलेल्या कानाची ती सही होय. कर्णरोगतज्ज्ञ मित्राने दूरध्वनीवरून पहिला प्रश्न विचारला, "हे काम काय करतात?" मी माझे रुग्णपत्र काढून पाहिले. 'व्यवसाय' या शब्दापुढे माझ्याच अक्षरात 'नोकरी' असे लिहिलेले होते. ते गृहस्थ बावीस वर्षे यंत्रमागावर उभे होते. दोन वर्षे मी त्यांच्या कानात तेल घालीत होतो आणि त्याच संध्याकाळी ते कान पुन्हा त्याच शेडमध्ये जात होते.

शब्दाचा अतियोग हे व्याधीचे कारण असल्याचे आपण सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात शिकतो. मेघगर्जना, पटह आणि आक्रोश ही तेथील उदाहरणेही आपल्याला पाठ असतात. चिकित्सा म्हणजे संक्षेपाने निदानपरिवर्जन, हे सुश्रुताचे मतही आपण व्याख्यानात सांगतो. मला दोन्ही ठाऊक होते. केवळ रुग्ण कोठून येतो आणि येथून उठून कोठे जातो, हे विचारण्याचे मी कष्ट घेतले नव्हते. आवाजाने एकदा नष्ट झालेली श्रवणशक्ती कोणत्याही औषधाने परत येत नाही, हे आपण रुग्णास प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या दोन वर्षांत जे वाचविता आले असते, ते माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे गेले.

शेडमधील बारा तास

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी आणला. संस्थानच्या पाठबळाने हे लहानसे गाव वस्त्रनगरी झाले. येथील घराघरांत आलेल्या सुबत्तेचे श्रेय या मागांना आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. माझ्या स्वतःच्या चिकित्सालयाचे भाडेही मागाच्याच पैशातून निघते. पण १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कापड उत्पादनाचा ओघ भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीकडे अधिक वेगाने वळला. त्याबरोबर एक गोष्ट मागे राहिली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, पुढे आठ तासांची पाळी आली, आणि हे सर्व मिळविण्यास दोन पिढ्या खर्ची पडल्या. कापड शहर बदलून आले. आठ तासांची पाळी मात्र त्याच्याबरोबर आली नाही. मागाच्या शेडमध्ये सर्रास बारा तासांची पाळी चालते. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची.

मजुरी कापडावर असते, वेळेवर नसते. धागा तुटला, कांडी संपली, माग थांबला की मजुरीही थांबते. म्हणून कामगार मागांमधील अरुंद वाटेतून सतत फिरत असतो. आवाजाविषयी सांगावयाचे तर आपल्याकडील कारखाना नियमांनी स्वीकारलेल्या कोष्टकानुसार ९० डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ९५ डेसिबलचा ४ तास आणि १०० डेसिबलचा केवळ २ तास सोसण्याची मुभा आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ९५ ते १०० डेसिबल ही नित्याची पातळी असते. तेथे माणूस बारा तास उभा राहतो. हिशेब ज्याने त्याने मांडावा.

नवे तंत्रज्ञान आले की हे संपेल, अशी आशा होती. १९९९ मध्ये केंद्र शासनाने वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना सुरू केली आणि पुढील काळात बिनधोट्याचे, रेपियर व एअरजेट माग शहरात दिसू लागले. कापडाचा दर्जा सुधारला, वेग कितीतरी वाढला, धोटा उडून होणाऱ्या इजा टळल्या. परंतु महागड्या यंत्राचे कर्ज फेडावयाचे तर ते रात्रीही बंद ठेवता येत नाही. हाताचे श्रम घटले, डोळ्यांचे आणि अवधानाचे वाढले, जागरण तसेच राहिले. शरीराला ऋतू आणि अहोरात्र यांचे भान आहे, यंत्राला नाही. या दोघांत तडजोड करण्याची वेळ येते तेव्हा तडजोड नेहमी शरीरच करते.

शोषाची चार आयतने

निदानस्थानाच्या सहाव्या अध्यायात शोषाची चार आयतने सांगितली आहेत : साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. एखाद्या रात्री बारा वाजता मागाच्या शेडमध्ये जाऊन ही चार कारणे ताडून पाहावीत, अशी माझी विनंती आहे.

साहस म्हणजे बलाहून अधिक कर्म. बारा तासांचे उभे काम आणि पाळी बदलताना कधी कधी लागून येणारी दुसरी पाळी हे साहस नव्हे तर काय? संधारणाच्या वर्णनात आचार्यांनी धन्याच्या समीप असल्यामुळे भयाने किंवा संकोचाने वेग अडविणाऱ्या माणसाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. येथे धनी समोर असण्याचीही गरज नाही. सहा-आठ माग चालू असताना मूत्रवेगासाठी बाहेर जाणे म्हणजे तेवढ्या मागांची मजुरी बुडविणे होय. म्हणून माणूस पाणीच कमी पितो. मूत्रकृच्छ्र, आनाह, पोटऱ्यांतील उद्वेष्टन ही वेगधारणाची लक्षणे मग आपल्याकडे वेगवेगळ्या तक्रारी म्हणून येतात आणि आपण त्यांना वेगवेगळी औषधे देतो. विषमाशन तर उघडच आहे. रात्री दोन वाजता चहा आणि वडापाव, सकाळी आठला जेवण, दुपारी झोपेतून उठून पुन्हा काही. या तिन्हींच्या जोडीला चिंता आणि रूक्ष आहार आला की धातुक्षयास वेगळे निमंत्रण लागत नाही.

रात्रौ जागरण रूक्ष आहे, हे आपल्या शास्त्राने फार पूर्वी सांगितले. आधुनिक संशोधनाने त्यास वेगळ्या मार्गाने पुष्टी दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि फेरतपासणी करून २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाचा समावेश मनुष्यात बहुधा कर्करोगकारक असलेल्या गटात केला. आपल्या शास्त्रात हे आधीच होते, असे म्हणून टाळ्या वाजविण्याचा मोह अशा वेळी आपल्याला होतो. तो आवरावा. शास्त्रात होते, तर आपण त्याचे काय केले, हा प्रश्न अधिक उचित आहे.

येथे एका परकीय वैद्याचे स्मरण करणे आवश्यक वाटते. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला वैद्याने जे प्रश्न विचारावेत असे हिपॉक्रेटिसच्या परंपरेत सांगितले होते, त्यांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली : आपण काय काम करता? व्यवसायजन्य रोगांचे सारे शास्त्र या एका प्रश्नातून उभे राहिले. आपल्या दशविध परीक्षेत सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आहेत. या प्रत्येकीत व्यवसायाला जागा आहे. पण जागा असणे वेगळे आणि प्रश्न विचारणे वेगळे.

जल आणि जनपद

उद्योगाचा परिणाम शेडच्या भिंतीपाशी थांबत नाही. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांच्या दुष्टीने जनपदाचा नाश कसा होतो, याचे विवेचन आहे. दुष्ट जलाची लक्षणे तेथे दिली आहेत : गंध, वर्ण, रस, स्पर्श यांत विकृती, जलचर पक्ष्यांनी सोडून जाणे, जलाशय क्षीण होणे. उन्हाळ्यात पंचगंगेच्या काठी उभे राहून ही लक्षणे वाचण्यास पुस्तक लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन येणाऱ्या या नदीत कोल्हापूरचे सांडपाणी मिसळते, पुढे रंग-प्रक्रियेचे पाणी मिसळते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेस मिळते.

२०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. ती साथ पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने पसरली होती. तिचा दोष रंगाच्या पाण्यावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु उद्योगासाठी माणसे बोलावताना त्यांच्यासाठी गटारे आणि शुद्ध पाणी यांचा विचार मागे पडला, हा दोष उरतोच. त्या दिवसांत आमच्या चिकित्सालयांत रांगा होत्या. आम्ही कुटकी, भूम्यामलकी, आरोग्यवर्धिनी दिली, पथ्य सांगितले, गंभीर रुग्ण वेळीच रुग्णालयात धाडले. साथ ओसरल्यावर पाण्याविषयी आमच्यापैकी किती जण बोलले? आज हे शहर आपल्या उशाशी नदी असून पाण्यासाठी दूरच्या कृष्णेकडे, दूधगंगेकडे पाहते. दूधगंगेच्या खोऱ्यातील शेतकरी सुळकूड योजनेस विरोध करतात, तेव्हा त्यांनाही दोष देता येत नाही. स्वतःची नदी ज्याने बिघडविली, त्याला दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगताना आवाज खालीच ठेवावा लागतो.

दोन आक्षेप

हे विचार मी काही मित्रांपुढे मांडले तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा की, हे काम कामगार खात्याचे आणि कारखाना निरीक्षकाचे आहे, वैद्याचे नाही. त्यावर एवढेच सांगतो : १९४८ च्या कारखाने अधिनियमातील अधिसूच्य रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार आणि आवाजाने येणारे बहिरेपण या दोहोंचा समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही अशी यादी आहे. पण त्या संहितेनुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असतील तरच तो कारखाना. आमच्याकडील असंख्य शेडमध्ये पाच-सात माणसे असतात. निरीक्षकाची नजर जेथे पोहोचत नाही, तेथील माणूस आजारी पडला की प्रथम येतो तो आपल्याकडे. कळविण्याचे कायदेशीर कर्तव्य आयुर्वेद पदवीधरावर येते की नाही, हा वाद वकिलांसाठी सोडावा. नोंद करण्यास आपल्याला कोणी मनाई केलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रांजळ होता. यंत्रमागधारकही आपलेच रुग्ण आहेत, त्यांना दुखावून कसे चालेल? हा प्रश्न मी हलका मानत नाही. खर्चीवर माग चालविणारा लहान मालक वीजबिल आणि सुताचे दर यांत भरडला जातो. मंदीत माग भंगारात विकण्याची पाळी त्याच्यावर येते. अनेकदा तो स्वतः, त्याची पत्नी आणि मुलगा त्याच शेडमध्ये राबतात, आणि ऐकू त्यालाही कमीच येते. म्हणून हा मालक विरुद्ध कामगार असा विषय मी मानत नाही. कानात घालावयाच्या बोळ्यांना काही रुपये लागतात, पिण्याच्या पाण्याच्या माठाला त्याहून थोडे अधिक, आणि पाळीत दोनदा पंधरा मिनिटे बदली माणूस उभा करण्यास केवळ इच्छा लागते. हे सांगितल्याने दुखावणारा मालक मला अद्याप भेटलेला नाही. सांगणारा वैद्यच त्याला भेटलेला नाही.

आपल्या स्वतःच्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. २००० साली आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी परिशिष्ट 'टी' लागू झाले आणि निर्मितीची शिस्त आली. तरी चूर्णाच्या खोलीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या नाकावर वस्त्र आहे का, भल्लातक हाताळणाऱ्याच्या हाताला संरक्षण आहे का, हे औषध लिहून देताना आपण कधी विचारतो? उद्योगाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्या उद्योगापासून सुरू होतो.

करता येण्याजोगे

मोठ्या घोषणांचा उपयोग नसतो. म्हणून मी संघटनेपुढे चार साध्या गोष्टी ठेवतो.

पहिली : रुग्णपत्रात 'व्यवसाय' या एका शब्दाऐवजी चार रकाने असावेत. नेमके काम, किती वर्षे, पाळी कोणती, आणि कामाच्या जागी आवाज, धूळ, उष्णता वा रसायन यांपैकी काय. 'नोकरी', 'मजुरी', 'घरकाम' ही उत्तरे अपूर्ण समजावीत. घरी बसून कांड्या भरणाऱ्या स्त्रीपुढे आपण 'गृहिणी' लिहितो, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी : पाळीच्या कामगारासाठी वेगळी दिनचर्या सांगावी. वाग्भटाने रात्री जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी न जेवता झोपावे, असे सांगितले आहे. आमचा कामगार नेमके उलट करतो, पोटभर जेवून झोपतो. पाळीपूर्वी स्निग्ध व पुरेसे जेवण, मध्यरात्री लघु आहार, घरी आल्यावर पादाभ्यंग, अंधाऱ्या खोलीत अगोदर झोप आणि मग भोजन, एवढा बदल सुचवून पाहावा. माझ्या मर्यादित अनुभवात अम्लपित्त व मलावष्टंभ यांवर त्याचा औषधाइतका उपयोग झाला आहे. सदातुरांसाठी आचार्यांनी बस्तीची योजना का केली, हेही येथे स्मरावे.

तिसरी : पाठविण्यास संकोच करू नये. दहा वर्षे मागावर असलेल्या प्रत्येकाचे एकदा श्रवणमापन, दीर्घकाळच्या खोकल्यात थुंकीची तपासणी आणि श्वसनमापन आवश्यक आहे. शोष म्हणून रसायने देत बसलो आणि क्षयरोगाचे निदान राहून गेले, असे होता कामा नये.

चौथी : संघटनेच्या प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एकच उद्योग निवडून वर्षभर नोंदी ठेवाव्यात. कोठे माग असतील, कोठे साखर कारखाना, कोठे ओतशाळा, कोठे दगडखाण. वर्षाअखेर त्या नोंदी, रुग्णांची नावे वगळून, या त्रैमासिकात याव्यात. शंभर वैद्यांनी दिलेल्या पन्नास-पन्नास नोंदी हा दुर्लक्षिता न येणारा पुरावा होईल, आणि तो घेऊन आपण उद्योजक संघ, नगरपालिका व शासन यांच्यापुढे उभे राहू शकू. रिक्त हातांनी दिलेल्या निवेदनाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही.

ते गृहस्थ अजूनही माझ्याकडे येतात. आता ते दिवसपाळीच करतात आणि कानात बोळे घालतात. गेले ते परत आले नाही, पण उरले आहे ते टिकून आहे. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी त्याच शेडमध्ये लागला. तो पहिल्यांदा साध्या पडशासाठी आला, तेव्हा मी नाडीला हात लावण्यापूर्वी विचारले, "पाळी कोणती?" त्याला आश्चर्य वाटले. हा प्रश्न पडशाच्या रुग्णालाही अपेक्षित वाटावा, इतका तो आपल्या सर्वांच्या तोंडी बसावा, एवढीच या लेखामागील इच्छा आहे.